गावात फायबर आलं, मग घरात काहून नाही आलं? भारतनेटबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

काटोल, मौदा, कुही, भिवापूर, पारशिवनी, नागपूर जिल्ह्यातला कोणताही तालुका घ्या, इंटरनेटचा विषय निघाला की फिरून फिरून हेच प्रश्न येतात. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. गावच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर बिनधास्त टाका.

भारतनेट म्हणजे नेमकं काय? कोणत्या कंपनीचं आहे?

सरकारचं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने याला मंजुरी दिली, तेव्हा नाव होतं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क. देशातल्या अडीच लाखाच्या आसपास ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं आणि पंचायतीला १०० एमबीपीएसचा वेग मिळेल असं करायचं, असं ठरलं होतं. २०१५ मध्ये नाव बदलून भारतनेट झालं. पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पुरा झाला, त्यात एक लाखाच्या वर पंचायती आल्या. दुसऱ्या टप्प्याचं काम महाराष्ट्रात राज्य सरकारने महानेट या नावाने महाआयटी या आपल्या आयटी कंपनीमार्फत हाती घेतलं, त्यामुळे काही गावात लोक महानेट म्हणतात, काही गावात भारतनेट, गोंधळून जाऊ नका. मग ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेट मंजूर केलं, १ लाख ३९ हजार कोटींचं, आणि ते चालवायची जबाबदारी बीएसएनएलकडे दिली. या नव्या योजनेत पहिल्यांदा घरांचा आकडा ठळकपणे आला, ग्रामीण भागात दीड कोटी घरगुती फायबर कनेक्शन. माझ्या मते हे वाक्य २०११ मध्येच लिहायला पाहिजे होतं.

एवढा पैसा कुठून येऊन राहिला?

तुमच्या रिचार्जमधून. टेलिकॉम कंपन्यांना आपल्या महसुलाचा ठरावीक भाग सरकारला लायसन्स फी म्हणून द्यावा लागतो, त्यातून महसुलाच्या ५ टक्के इतका भाग खास ग्रामीण आणि दुर्गम भागासाठी बाजूला जातो. या निधीला आधी यूएसओ फंड म्हणायचे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर नाव डिजिटल भारत निधी झालं. म्हणजे वीस वर्षं झाली तुम्ही मोबाईल वापरून राहिले असाल तर वीस वर्षं थोडे थोडे पैसे यात गेलेलेच आहेत. म्हणून गावातलं कोणी म्हणालं की फुकटातलं सरकारी आहे, आलं तर आलं, तर मला वाईट वाटतं. फुकटातलं नाही भाऊ, तुमचंच आहे, हक्काने मागा.

आमच्या पंचायतीत डबा (फायबरचं मशीन) बसला, दिवे लागतात. म्हणजे आमचं गाव जोडलं गेलं ना?

कागदावर जोडलं गेलं. तुमच्या घरी आलं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि मला विचाराल तर तोच खरा प्रश्न आहे.

देशात २ लाख १४ हजारांहून जास्त पंचायती "सेवेसाठी तयार" म्हणून नोंदल्या आहेत, जवळपास ७ लाख किलोमीटर फायबर पडलं आहे. आणि या नेटवर्कवरची घरगुती फायबर कनेक्शन? २०२५ मध्ये बारा लाखाच्या थोडी वर. भागाकार करून पाहा, एका पंचायतीमागे सहाच्या आसपास घरं येतात. सहा! एका पंचायतीत दोन-तीन गावं असतात कधीकधी, शेकडो घरं असतात. गावात नळयोजनेची टाकी उभी झाली आणि नळ सहाच घरी गेले, तर आपण त्याला पाणी आलं म्हणणार नाही. इथे मात्र डब्याचा दिवा लागला की उद्घाटन होते, फोटो निघते आणि विषय बंद होते.

सुधारित योजनेचं दीड कोटीचं टार्गेट पाहिलं तर पंचायतीमागे पन्नासच्या वर घरं होतात. सहावरून पन्नासवर जायचं आहे. ते नुसतं खोदकाम करून होणार नाही.

मग लोक घेत काहून नाहीत? गरज नाही का?

गरज नाही हे उत्तर मला पटत नाही. संध्याकाळी गावात जाऊन पाहा, पारावर, बसस्टॉपवर, जिथे टॉवरची रेंज चांगली तिथे पोट्टे बसलेले असतात. गरज आहे, कारणं दुसरी आहेत.

पहिलं कारण म्हणजे विश्वास. ज्या घराने एकदा कनेक्शन घेतलं आणि पावसाळ्यात तीन आठवडे बंद पडलं, ते घर तर सोडतेच, पण आजूबाजूची दहा घरं घ्यायची राहतात, कारण गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसरं, दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याला, कधीकधी नागपूरला, आणि त्याच्याकडे चाळीस गावं, मग तो येणार कधी. तिसरं, एकदम द्यावे लागणारे पैसे. इन्स्टॉलेशन, राउटर, डिपॉझिट असं मिळून सुरुवातीला हजार-दोन हजार लागले तर सोयाबीन निघायच्या आधी ते कोणाकडे नसतात, संत्र्याचा सौदा झाल्यावर असतात, पण माहिती देणारा माणूस नेमका जूनमध्ये येऊन गेलेला असते. चौथं, आणि हे सगळ्यात कमी बोललं जाते, की कोणी सांगतच नाही. पंचायतीत डबा आहे म्हणून आपल्या घरी कनेक्शन मिळू शकते हेच कित्येकांना माहीत नाही, त्यांना वाटते ते ऑफिसच्या कामाचं आहे.

आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं त्यानंतर स्वस्त डेटा हातात आला, तो भारतनेटच्या आधी घराघरात पोहोचला. देशात ब्रॉडबँड वापरणारे नव्वद कोटींच्या वर मोजले जातात, त्यातले वायरवाले साधारण साडेचार कोटी, बाकी सगळे मोबाईल. सवय मोबाईलची लागली, आणि लागलेली सवय नुसती जाहिरात करून सुटत नाही.

मोबाईलवर सगळं चालते ना, मग वायर कशाला?

एकट्या माणसाला व्हॉट्सअॅप आणि थोडा यूट्यूब पुरत असेल तर नका घेऊ, खरंच सांगतो. पण घरात चार फोन असतील तर हिशोब करा. २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा वेळा. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, आता रोजच्या दीड-दोन जीबीवाला पॅक चार जणांना मारायचा म्हटला तर महिन्याला हजाराच्या वर सहज जाते. घरी फायबर असेल तर डेटाचा पॅक एकाच फोनवर ठेवता येते, बाकीच्यांना कॉलपुरता साधा पॅक पुरते. बहुतेक फायबर प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा ३३०० जीबीच्या आसपास असते, ती घरगुती वापरात संपत नाही.

दुसरं म्हणजे टॉवर सगळ्या गावात वाटला जाते. रात्री आठ ते दहा सगळे एकदम वापरतात आणि व्हिडिओ गोल फिरत राहते. फायबरचंही शेअरिंग असते, पण क्षमता खूप जास्त असते म्हणून एवढं जाणवत नाही. ऑनलाइन क्लास, स्पर्धा परीक्षेची टेस्ट सिरीज, फॉर्मसोबत मोठी फाइल अपलोड करणं, यात फरक पहिल्याच दिवशी कळते. एमपीएससीची, पोलीस भरतीची तयारी करणारी जी पोरं गावातच राहून अभ्यास करू शकत होती ती केवळ नेटसाठी नागपुरात खोली करून राहतात, तो खर्च कोणी मोजत नाही.

महिन्याला किती लागेल?

ग्रामीण भागातले साधे प्लॅन चारशे-पाचशेच्या आसपास सुरू होतात, वर १८ टक्के जीएसटी. प्लॅन बदलत राहतात म्हणून घेताना तीन गोष्टी विचाराच: जीएसटी धरून एकूण किती, राउटर विकत की वापरापुरता, आणि सहा महिन्यांचे एकदम भरले तर इन्स्टॉलेशन माफ होते का. तोंडी उत्तर घेऊ नका, व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

कनेक्शन घ्यायला जायचं कुठे?

सध्याच्या पद्धतीत गावपातळीवर "उद्यमी" असते, म्हणजे गावातलाच किंवा जवळचा एखादा माणूस जो पंचायतीपासून घरापर्यंत वायर ओढते, बसवून देते, बिघडलं तर पाहते, आणि बिलातला वाटा त्याला मिळते. बऱ्याच ठिकाणी हा आधीचा केबल टीव्हीवाला असते. ग्रामपंचायतीत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात विचारा की आपल्या भागाचा उद्यमी कोण. तिथे नाही कळलं तर तालुक्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये जा.

मला ही पद्धत मनापासून बरोबर वाटते. ज्याचं पोट तुमच्या चालू कनेक्शनवर आहे तो माणूस फोन उचलते. पण त्या पोराचं गणित बसायला त्याला किमान तीस-चाळीस घरं पाहिजेत. पाच घरांसाठी कोणीही भर उन्हात पोलवर चढणार नाही. म्हणून एकट्याने घेण्यापेक्षा गल्लीने मिळून घ्या.

राउटरवर लाल लाईट लागला, काय करू?

एलओएस लिहिलेला लाल दिवा म्हणजे प्रकाश तुमच्या डब्यापर्यंत पोहोचत नाही. आधी पाहा की मागची बारीक पिवळी किंवा पांढरी वायर उंदराने कुरतडली का, कपाटामागे दाबली गेली का, काटकोनात वाकली का. आत काच असते, जास्त वाकली की प्रकाश बाहेर निसटते. कनेक्टर काढून पुसून परत नीट लावा. वायरचं टोक डोळ्यासमोर धरून पाहू नका, त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकते, पोरांनाही सांगून ठेवा.

एवढं करून लाल राहिला तर बाहेरचा दोष आहे, तुम्ही रिसेट मारून उपयोग नाही. उलट रिसेट मारलं की सेटिंग उडते आणि तेही काम त्याच माणसावर येते.

केबल सारखी तुटते. दरवेळी तेच कारण काहून?

दोन कारणं आहेत. एक जेसीबी. रस्ता रुंद होऊन राहिला, जलजीवनची पाइपलाइन पडून राहिली, नाली बांधून राहिले, खोदणाऱ्याला खाली फायबर आहे हे माहीतच नसते. यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्राने "कॉल बिफोर यू डिग" नावाचं अॅप आणलं, खोदायच्या आधी त्यावर कळवायचं म्हणजे ज्याची केबल आहे त्याला निरोप जाते. सरपंचांनी एवढं जरी केलं की गावात जेसीबी आला तर ठेकेदाराला हे अॅप वापरलं का असं विचारायचं, तर अर्धी कटकट कमी होईल.

दुसरं कारण आखणीतलं. सुरुवातीला पैसे वाचावे म्हणून बीएसएनएलची आधीची केबल जिथपर्यंत होती तिथपर्यंत तीच वापरली आणि पुढे पंचायतीपर्यंत नवीन तुकडा जोडला. जुनी केबल, ठिकठिकाणी जोड, आणि सगळं एका ओळीत. तालुक्याजवळ तुटली की त्या ओळीवरच्या पुढच्या सगळ्या पंचायती बंद. सुधारित योजनेत तालुका आणि पंचायती गोलाकार, म्हणजे रिंगमध्ये जोडायच्या आहेत, एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू राहते. २ लाख ६४ हजार पंचायती अशा रिंगवर आणायच्या आहेत, आणि पंचायत नसलेल्या ३ लाख ८० हजार गावांना मागणी आली की द्यायचं आहे. "मागणी आली की" हे तीन शब्द लक्षात ठेवा, खाली परत लागतील.

लाईट गेली की नेट पण जाते, मग उपयोग काय?

फायबरला स्वतःला वीज लागत नाही, डब्याला लागते. घरचा डबा बहुतेक १२ व्होल्टवर चालते, त्याच्यासाठी हजार-दोन हजारात मिनी यूपीएस मिळते, नागपुरात सीताबर्डीत भरपूर दुकानं आहेत, दोन-तीन तास सहज निघतात. इन्व्हर्टर असेल तर त्यावरच लावा. पंचायतीतल्या डब्याची गोष्ट वेगळी. पाच वाजता ऑफिस बंद करताना शिपाई सवयीने मेन स्विच पाडून जाते आणि सगळ्या गावाचं नेट बंद होते, हे मी एकाहून जास्त गावात पाहिलं आहे. कोणाची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही. स्विचवर मराठीत चिठ्ठी लावा: हा बंद करू नये. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मशीन ठेवू नका, आपल्याकडचा ४५ डिग्रीचा उन्हाळा ते सहन करत नाही.

१०० एमबीपीएस सांगतात, पण डाउनलोड १२ चं दाखवते. फसवून राहिले का?

नाही. एमबीपीएस मेगाबिटमध्ये असते आणि डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसते, आठने भागा, साडेबारा येते. आणि मातीच्या जाड भिंतीतून वायफाय नीट जात नाही, राउटर मधल्या खोलीत उंचावर ठेवा.

संत्र्यावाल्याला, कापूसवाल्याला याचा काय फायदा?

केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आहे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था पण नागपुरातच आहे. गुलाबी बोंडअळी, संत्र्याची डिंक्या, यावरचं ज्ञान चाळीस-पन्नास किलोमीटरवर बसलेलं आहे आणि आपला शेतकरी कृषी केंद्रवाल्याने जी बाटली दिली ती फवारते. रोगट पानाचा स्पष्ट फोटो पाठवणं, तज्ज्ञाला व्हिडिओ कॉलवर बाग दाखवणं, नागपूरच्या कळमना बाजाराचे भाव घरून पाहून मग गाडी भरणं, हे होऊ शकते. ई-पीक पाहणी वावरात उभं राहूनच करावी लागते, तिथे मोबाईलच लागेल, पण सातबारा काढणं, महाडीबीटीचा अर्ज, पीक विम्याची कागदं, हे घरून होते आणि सेवा केंद्रातली चक्कर वाचते.

पण एक सांगतो, हे आपोआप होत नाही. वायर आल्यावर पहिले सहा महिने घरात फक्त सिनेमे चालतात, चालू द्या, त्यात गैर काही नाही, लोक तसंच शिकतात.

घरच्या बायांना, म्हाताऱ्या माणसांना वापरता येईल का?

येईल, पण शिकवावं लागेल आणि धीराने शिकवावं लागेल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ३३ टक्क्यांनीच कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांमध्ये ५७ टक्के. फोन घरात एक असेल तर तो सकाळी नवऱ्याच्या खिशात बाहेर जाते. घरी वायफाय आणि एक जुना फोन ठेवला तर दुपारी तो बाईच्या हातात येते, हा माझ्यासाठी फायबरचा सगळ्यात मोठा फायदा आहे. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी सेवा केंद्रांसमोर बायांच्या रांगा लागल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या तरी घरून करू शकल्या असत्या.

दक्षिण कोरियाने २००० मध्ये एक कोटी लोकांना इंटरनेट शिकवायचा कार्यक्रम घेतला, त्यात गृहिणींसाठी खास वर्ग होते. लोक तिथे ब्रॉडबँडकडे वळले त्यात या वर्गांचा मोठा वाटा होता. आपल्याकडे बचत गट आहेत, आठवड्याला बैठक होते, तिथे अर्धा तास काढा. पहिल्याच दिवशी ओटीपी कोणालाही द्यायचा नाही हे शिकवा, आणि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावायचा हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

बाहेरच्या देशात लोकांनी कसं घेतलं?

ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये राष्ट्रीय नेटवर्क जाहीर केलं आणि ज्या भागात नवीन सेवा सुरू झाली तिथे दीड वर्षात बहुतेक जुन्या तांब्याच्या लाइनी बंद करत गेले, म्हणजे लोकांना नव्यावर यावंच लागलं. न्यूझीलंडने सक्ती न करता ८७ टक्के लोकसंख्येपर्यंत फायबर नेलं, २०२२ च्या शेवटी काम पुरं केलं, आणि जिथे फायबर आहे तिथली सत्तर टक्क्यांहून जास्त घरं त्यावर आली. आपल्याकडे बंद करायला गावातल्या बहुतेक घरात जुनी वायरच नव्हती, त्यामुळे ऑस्ट्रेलियाचा रस्ता आपल्याला नाही.

सातनवरीसारखं आमच्याकडे होईल का?

अमरावती रोडवरचं सातनवरी ऑगस्ट २०२५ मध्ये देशातलं पहिलं स्मार्ट इंटेलिजंट गाव म्हणून सुरू झालं, शेती, शाळा, दवाखाना सगळं जोडून. चांगली गोष्ट आहे, जाऊन पाहा. पण तिथे सगळ्यांचं लक्ष होतं, कंपन्या आल्या, मंत्री आले. तुमच्या गावात कोणी येणार नाही असं धरूनच चाला.

महिन्याचे पाचशे परवडत नाहीत, त्यांनी काय करावं?

डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना आली, किराणा किंवा चहावाला लायसन्सशिवाय आपल्या दुकानातून वायफाय विकू शकते, पाच-दहा रुपयात दिवसभराचं. एका फायबर कनेक्शनवर हे चालू शकते. शाळेच्या किंवा पंचायतीच्या वाचनालयात संध्याकाळी नेट चालू ठेवणं हा त्याहून सोपा उपाय आहे.

तक्रार केली, कोणी ऐकून नाही राहिलं.

तक्रार नंबर मिळाला नसेल तर ती तक्रार झालीच नाही असं समजा. नंबर घ्या, तारीख लिहा. काम नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं, ही सोय कंपनीला ठेवावीच लागते. तिथेही नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चालतात असा निकाल दिला आहे.

आमच्याकडे वीस-पंचवीस घरं तयार आहेत. पुढे काय करायचं?

यादी करा. घरमालकाचं नाव, मोबाईल नंबर, सही, आणि पंचायतीपासून घर अंदाजे किती मीटर. ती यादी जी ग्रामसभा जवळ असेल, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, तिच्यात मांडा आणि ठराव लिहून घ्या, ठरावात "घरगुती फायबर कनेक्शनची मागणी" असे स्पष्ट शब्द पाहिजेत, कारण योजनेत मागणीवर द्यायचं आहे आणि मागणी कागदावर नसली तर ती नाहीच. एक प्रत पंचायत समितीला, एक बीएसएनएलच्या नागपूर ऑफिसला, दोन्हीवर पोच घ्या. त्याच सभेत शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्राचं कनेक्शन चालू आहे की नुसतं बसवलं आहे ते पण विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. गावातला एखादा आयटीआय झालेला पोरगा किंवा पोरगी उद्यमीसोबत काम करायला तयार असेल तर तिचं नाव पण यादीच्या वरच लिहून द्या.